एकट्या लुगड्याचं धुणं

सन २०१८. दिवाळी होऊन गेली होती आणि हिरामणच्या वर्षश्राद्धाला अजून अवकाश होता. त्या दिवसांत एका सकाळी, अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या गल्लीत, हिरामणच्या घरातलं कपडे धुण्याचं मशीन आपल्या जागेवरून निघालं आणि धडधडत अंगणाच्या मध्यापर्यंत आलं.

"आई, मशीन चाललं!" वरच्या गॅलरीतून धाकटी सून किर्ती ओरडली.

"चालू दे की. चालायलाच लावलंय," खालून हिरामणची बायको गोजरबाई म्हणाली. ती मेथी निवडत बसली होती.

"अहो तसं नाय! चाललं म्हणजे निघालं! दरवाजाकडे बघा!"

गोजरबाईने मान वळवली. दाव्याला हिसडे देणाऱ्या म्हशीसारखं मशीन नळाच्या पाइपाला ओढत होतं. ती मेथी खाली ठेवून उठेपर्यंत पाइप सुटला आणि पाण्याची धार थेट थोरल्या सुनेच्या, माधवीच्या, स्वयंपाकघरात गेली. माधवी हातात उलथनं घेऊनच बाहेर आली.

"आज कोणाचा वार आहे? माझा नाय. माझं धुणं कालच झालं."

"माझा पण नाय," वरून किर्ती म्हणाली. "माझा उद्या."

दोघींनी मग गोजरबाईकडे पाहिलं. मशीनमध्ये एकच कपडा होता, गोजरबाईचं वांगी रंगाचं सुती लुगडं.

हिरामण जुन्नरकडून अंबरनाथला आला तेव्हा बायका वालधुनीवर धुणं न्यायच्या. नदीचं पाणी तेव्हा पाण्याच्या रंगाचं असायचं. एका दगडावर गोजरबाई, दुसऱ्यावर आणखी कोणी, आणि धुणं वाळत पडलं की कुठलं कापड कोणत्या घरचं ते संध्याकाळी घड्या घालतानाच कळायचं. हिरामणने कारखान्यात पाळ्या करून इथे वर-खाली दोन-दोन खोल्या बांधल्या. खाली थोरला संतोष, वर धाकटा प्रज्वल. मध्ये अंगण, अंगणातून वर जाणारा जिना, जिन्याखाली नळ आणि मोरी. बाप होता तोवर चूल एक होती. तो गेला आणि तेराव्याचं जेवण पचायच्या आत दोन गॅस झाले.

भांडी वाटली गेली. ट्रंका वाटल्या गेल्या. दोन वस्तू मात्र वाटता येईनात. एक ते मशीन, कारण नळ एक आणि मोरी एक. दुसरी गोजरबाई. मशीनला वार लावून दिले आणि गोजरबाईला महिने. एक महिना खाली, एक महिना वर. एक तारीख आली की ती आपली पिशवी उचलून जिना चढायची किंवा उतरायची. एकतीस दिवसांचे महिने आपल्याकडे जास्त येतात, असं माधवीच्या लक्षात आलं होतं, पण ते तिने फक्त नवऱ्याला सांगितलं होतं.

माधवीचे कपडे किर्तीच्या कपड्यांत पडत नसत आणि किर्तीचे माधवीच्या. गोजरबाईचं लुगडं मात्र कोणाच्याच कपड्यांत पडत नसे, कारण त्याचा रंग जायचा. हिरामणने ते शेवटच्या वर्षी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून आणलं होतं. दुकानदाराने रंगाची हमी दिली होती, आणि जोडी घेतली तर भाव कमी करतो म्हणाला होता, म्हणून एकाच रंगाची दोन. त्या हमीच्या लुगड्याने पहिल्याच धुण्यात संतोषचे तीन बनियन वांगी केले. तेव्हापासून गोजरबाईचं धुणं एकटं. नऊ वार ओलं सुती कापड एकटंच मशीनमध्ये पडायचं, गोळा होऊन एका बाजूला बसायचं, आणि पिळायची वेळ आली की मशीन अंगात आल्यासारखं घुमायला लागायचं.

रविवारी दोन्ही भाऊ घरी होते. संतोष ठाण्याला एका खाजगी ऑफिसात हिशेबनीस होता आणि प्रज्वल उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात सुपरवायझर.

"तुझ्या जीन्सनी मोडलंय ते," संतोष म्हणाला. "वजन बघ एकेकीचं."

"दादा, त्यात जीन्स नव्हती. आईचं लुगडं होतं."

"आधी जीन्सनी खिळखिळं केलं, मग लुगड्याचं निमित्त झालं."

"असं असतं तर मग तुझ्या शर्टांना नीळ लावून लावून त्याचं डोकं फिरलं असेल."

शेवटी दोघांनी आपापला उपाय करायचा असं ठरलं. संतोषने घरातला दगडी पाटा उचलून मशीनच्या झाकणावर ठेवला. वजन पडलं की गप्प बसेल, असं त्याचं म्हणणं. प्रज्वलने मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि रबरी चपलांचे तुकडे कापून मशीनच्या चार पायांखाली सरकवले.

"ह्या कोणाच्या चपला कापल्यास?"

"मोरीत पडल्या होत्या. जुन्या होत्या."

"माझ्या होत्या त्या! जुन्या होत्या म्हणूनच मोरीत घालत होतो ना!"

परीक्षेसाठी पुन्हा गोजरबाईचंच लुगडं मागवण्यात आलं. ते स्वच्छ होतं, पण तिला कोणी विचारलं नाही. मशीनने पाणी घेतलं, घुसळलं, सोडलं आणि पिळायला सुरुवात केली. आधी पाटा नुसता थरथरला. मग तो स्वतःभोवती हळूहळू फिरू लागला. दोघे भाऊ त्याच्याकडे तोंड उघडून पाहत राहिले. चौथ्या फेऱ्याला पाटा कडेला आला आणि खाली पडला. फरशीचे दोन तुकडे झाले, पाट्याला काही झालं नाही.

शेजारचे भगवंतराव पायजम्यातच धावत आले. ते केमिकल कंपनीतून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे मोठा आवाज झाला की त्यांचा हात आधी नाकाकडे जायचा.

"काय फुटलं? वास तर येत नाहीये."

"काही नाय काका, पाटा पडला."

"अरे, माझ्या देव्हाऱ्याची भिंत तुमच्या या मोरीला लागून आहे. दत्ताची तसबीर मी रोज सरळ करतो आणि तुमचं मशीन ती रोज तिरकी करतं. हिरामण होता तेव्हा असं नव्हतं."

"बाबा होते तेव्हा मशीन नवीन होतं, काका."

"तेच म्हणतोय मी," भगवंतराव म्हणाले आणि नाकावरचा हात काढून परत गेले.

मशीनने मात्र हार मानली नव्हती. वजन एका बाजूला गेलं की ही मशीनं थांबतात, पुन्हा पाणी घेतात, कपडा हलवून बघतात आणि पुन्हा पिळायला जातात. भाऊ फुटक्या फरशीवरून भांडत होते तोवर मशीनने हे पुन्हा पुन्हा केलं आणि एका लुगड्यासाठी अख्खी टाकी संपवली. नगरपालिकेचं पाणी दिवसाआड. उद्याचा दिवस कोरडा होता. संध्याकाळी दोन्ही सुना वेगवेगळ्या वेळी, एकमेकींना न सांगता, हंडा घेऊन भगवंतरावांच्या बायकोकडे, मीनलकडे गेल्या. मीनलने दोघींना पाणी दिलं आणि दोघींना तेच सांगितलं, "आत्ताच तुझी जाऊ येऊन गेली गं. एकदम मागितलं असतंत तर मी नळी लावली असती."

मग हरेश नावाच्या सिंधी कारागिराला बोलावलं. कॅम्प दोनमध्ये त्याचं मशीन दुरुस्तीचं दुकान. त्याने मशीन उघडलं नाही की हलवलं नाही. नुसती आजूबाजूला नजर फिरवली. दोन दारं, दोन गॅसच्या शेगड्या, दोन केरसुण्या.

"मशीन एक, फॅमिली दो. ऐसे कैसे चलेगा, साईं?" तो म्हणाला. "ये बेच दो. मेरे पास दो पीस पडे हैं, छोटे. दोनों भाई एक-एक लो. सेम कलर दूँगा, झगडा नहीं."

"रेट काय?" दोघा भावांनी एकदमच विचारलं. हरेश गालात हसला. बऱ्याच महिन्यांत त्या घरात एकमुखाने असं काही बोललं गेलं नव्हतं.

भाव सांगून झाला. भाऊ आत गेले. गोजरबाईने हरेशला चहा दिला. तो जिन्याच्या पायरीवर बसून बशीतून पिऊ लागला.

"का रं बाबा, मशीन खरंच गेलं व्हय?"

"नहीं अम्मा. मशीन एकदम बढिया है."

"मग नाचतंय का?"

"एकच भारी कपडा टाकता ना तुमी? तो एक साइडला गोला होऊन बसतो. मग नाचेगा ही. उसके साथ चार कपडे और डालो, सब बाजू वजन सारखा होणार, चुपचाप घूमेगा."

"आणि हे पोरांना का न्हाई सांगितलंस?"

"उन्होंने पूछा नहीं, अम्मा," हरेश म्हणाला. "उन्होंने रेट पूछा."

त्याच रात्री जेवणं झाल्यावर दोघे भाऊ अंगणात आले. दोन मशीनं आली की दोन नळ हवेत. दोन नळ म्हणजे दोन मोऱ्या. मग अंगणात मधोमध भिंत घातलेली बरी, रोजची कटकट मिटेल. वरच्यांना जिना बाहेरून, रस्त्याच्या बाजूने काढता येईल. हे सगळं त्यांनी इतक्या सामोपचाराने ठरवलं की गोजरबाईला वाटलं, ही पोरं अशी नेहमी का बोलत नाहीत.

"एकच आहे आई," संतोष म्हणाला, "भिंत झाली की तुला दर महिन्याला रस्त्यावरून फिरून जावं लागेल. ह्या वयात ते बरं दिसत नाय."

"कुणाला?"

"म्हणजे त्रास होईल गं तुला," प्रज्वल म्हणाला. "त्यापेक्षा तू एक घर फिक्स कर. कायमचं."

"कुठलं?"

"ते तू ठरव. आम्ही काय प्रेशर नाय करणार."

"बाबांचं वर्षश्राद्ध झालं की सांग," संतोष म्हणाला. मग दोघेही फुटलेल्या फरशीकडे पाहत राहिले.

भिंतीच्या विटा दोन दिवसांत येऊन पडल्या.

गोजरबाईने त्या विटांकडे पाहिलं आणि तिला जे समजलं ते अगदी साधं होतं. मशीन टिकलं तर भिंत नाही, आणि भिंत नाही तर निवड नाही. मशीनला हवे होते चार कपडे.

ती आधी माधवीकडे गेली. "तुझी चार कापडं दे गं माझ्यासंगं टाकायला. जुनी दे."

"आई, ह्यांचे सगळे शर्ट पांढरे. तुमच्या लुगड्याचा भरवसा आहे का?"

"पायपुसणं दे मग."

"पायपुसणंच काय ते नवीन आहे," माधवी म्हणाली. "आणि माझेच का? वरच्यांचे घ्या ना."

गोजरबाई जिना चढली. किर्ती उल्हासनगरची. लहानपणापासून सिंधी शेजारात वाढलेली, तिचं बोलणं निम्मं हिंदी.

"देईन की आई, मला काय प्रॉब्लेम नाय. लेकिन पहले ताईंनी टाकू दे. नाय तर उद्या त्या बोलतील, किर्ती का कपडा देखो, लुगड्यात पण चालतो."

गोजरबाई खाली आली. जिन्याखाली तिची स्वतःची एक ट्रंक होती, वाटणीत तिला आलेली. तिने ती उघडली. त्यात हिरामणचे कपडे होते. माणूस गेला की त्याचे कपडे तेराव्याच्या आत कोणाला तरी देऊन टाकायचे असतात. गोजरबाईने तेव्हा एक नवं धोतर आणि टोपी देऊन सगळ्यांचं समाधान केलं होतं आणि बाकीचं या ट्रंकेत दडवलं होतं. दोन चौकड्यांचे शर्ट, राखाडी पँट, लेंगा, खिशाची बंडी, टॉवेल. त्यांना अजून तंबाखूचा थोडा वास होता. तो आता जाणार, एवढंच तिला वाईट वाटलं. तिने सगळे कपडे लुगड्याभोवती नीट पसरून टाकले आणि बटण दाबलं.

मशीनने पाणी घेतलं, घुसळलं, सोडलं. गोजरबाई पाटावर बसून वाट पाहत होती. पिळायची वेळ आली आणि मशीन झोपेतल्या माणसासारखं एका सुरात घोरू लागलं. जरासुद्धा हललं नाही. वरच्या काचेतून आत वांगी आणि राखाडी एकमेकांत मिसळून फिरताना दिसत होतं. गोजरबाईने काचेवर हात ठेवला. किती तरी दिवसांनी तिचं धुणं एकटं नव्हतं.

त्यानंतर तिच्या वाराला हिरामणचे स्वच्छ कपडे पुन्हा पुन्हा धुतले जाऊ लागले. मशीन गप्प बसलं. भगवंतरावांची तसबीर सरळ राहू लागली. सगळं सुरळीत झालं असतं, पण धुतलेले कपडे वाळत घालावे लागतात, आणि अंगणातली दोरी गल्लीतून दिसते.

एका पहाटे भगवंतराव दूध आणायला निघाले. दोरीवर चौकड्यांचा शर्ट आणि त्याखाली राखाडी पँट, वाऱ्याने दोन्ही जरा फुगलेली. भगवंतराव जागच्या जागी थांबले. मग दूध न घेताच घरी गेले.

"मीनल, हिरामण अंगणात उभा आहे."

"चष्मा कुठाय तुमचा?" मीनल म्हणाली, आणि स्वतः बघायला आली.

मीनलला भूत दिसलं नाही. तिला पुरुषाचे कपडे दिसले, आणि ते दोन्ही मुलांच्या मापाचे नव्हते. संतोष बारीक आणि लांब, प्रज्वल आखूड आणि गोल. हे कपडे तिसऱ्याच कोणाचे तरी होते. दुपारपर्यंत गल्लीत कळलं की गोजरबाईच्या घरी कोणी तरी माणूस राहायला आला आहे आणि तो बाहेर पडत नाही.

गंमत अशी की हे घरात सगळ्यात शेवटी कळलं आणि सगळ्यात जास्त खरं तिथेच वाटलं. संतोषची खात्री पटली की प्रज्वलने वरच्या खोलीत गुपचूप भाडेकरू ठेवलाय. प्रज्वलची खात्री पटली की वहिनीचा बदलापूरचा भाऊ, कमळाकर, खाली येऊन राहिलाय आणि वाटणीत हक्क सांगणार आहे. दोघे तीन-चार दिवस एकमेकांच्या दारावर पाळत ठेवून होते. प्रज्वलने तर खरोखर बहिणीला भेटायला आलेल्या कमळाकरला दारातच अडवलं.

"पिशवीत काय आहे?"

"पेरू आहेत," कमळाकर म्हणाला. "बदलापूरचे. खा ना."

"पँट आहे का?"

"म्हणजे? मी घातलीय ना, भाऊजी."

कमळाकर पेरू दारात ठेवून निघून गेला. माधवीने ते पाहिलं आणि मग जे भांडण झालं त्यात मागच्या सगळ्या वर्षांचं धुणं निघालं. तेराव्याला कोणी किती काम केलं, कोणाच्या लग्नात कोणाला कसली साडी आली, सगळं. मशीन त्या वेळी चालू होतं, गोजरबाईचा वार होता. बाकीचे कपडे लुगड्याबरोबर आत होते, मागच्या वाराचा एक शर्ट दोरीवरच राहिला होता. संतोषने दोरीवरचा शर्ट ओढून काढला आणि प्रज्वलच्या तोंडासमोर धरला.

"सांग! ह्या कपड्यांचा मालक कोण आहे? घरात कोण ठेवलाय तू?"

"तू सांग! तुझ्या अंगणात वाळतोय!"

"दोघांपैकी एकाने तरी खरं बोला," माधवी ओरडली. "गल्लीत तोंड दाखवायला जागा नाय!"

"तुमचा बाप हाय तो," गोजरबाई म्हणाली.

कोणाला काही कळलं नाही.

"बापाचा शर्ट हाय तुमच्या," गोजरबाईने पुन्हा सांगितलं. "अकरा वर्षं घातला त्यानी. तुझ्या लग्नाच्या वाटाघाटीला पण हाच होता, संतोष."

संतोषने शर्टाकडे पाहिलं. "हा... असा रंग नव्हता ह्याचा."

"रंगावर नको जाऊस. रंग माझ्या लुगड्याचा लागलाय. कॉलर बघ. विरली म्हणून मीच उलटी करून शिवलेली."

संतोषने कॉलर पाहिली. प्रज्वलनेही पाहिली. मग शर्ट कुठे ठेवावा ते संतोषला सुचेना, म्हणून तो तसाच हातावर घेऊन उभा राहिला.

"पण तुम्ही हे धुताय कशाला, आई?" किर्तीने हळूच विचारलं.

"मशीन नाचू नये म्हणून. तो हरेश म्हनला, एकटं कापड टाकू नका, संगं चार टाका. तुमच्याकडं मागितली, तुम्ही देईना. मग ह्यांना विचारलं. हे न्हाई म्हनले न्हाईत."

पलीकडच्या भिंतीमागे मीनल ऐकत होती, ती उघडपणे दारात आली. "अहो गोजरबाई, गेलेल्या माणसाचे कपडे असे धुऊन वाळवू नयेत. त्याला वाटतं, अजून घालायचेत. जीव अडकून राहतो."

"बरं होईल," गोजरबाई म्हणाली. "कोणाचा तरी अडकू दे."

भांडण मध्येच तुटलं की कोणाला तरी विषय बदलावा लागतो. संतोषने तो बदलला, आणि त्याला जो विषय सुचला तो नेमका नको तोच होता.

"हे बघ आई, एवढा गोंधळ ह्या मशीनपायीच झाला ना? दोन मशीनं आली की सगळं मिटेल. उगाच वर्षश्राद्धापर्यंत कशाला थांबायचं? तू आताच सांगून टाक. वर की खाली?"

"हां, सांग ना आई," प्रज्वल म्हणाला. "आम्हाला दोन्ही चालेल."

गोजरबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. लहानपणी कोणी काय चोरून खाल्लं ते ती असंच बघून ओळखायची.

"सांगत न्हाई ते का, ठावं हाय? मी ज्याचं नाव घेईन ना, त्याचं तोंड उतरंल. ज्याचं घेणार न्हाई, त्याचं खुलंल. ते मला बघवायचं न्हाई. म्हणून म्हनलं, मशीन टिकवावं."

नेमकं तेव्हाच मशीनचं काम संपलं आणि त्याने काम संपल्याची आपली ती छोटीशी आनंदी धून वाजवली. गोजरबाई कपडे काढायला वळली.

संध्याकाळी किर्ती खाली आली. तिच्या हातात प्रज्वलचे दोन बनियन आणि एक टॉवेल होता.

"आई, पुढच्या टायमाला हे टाका. जुनेच आहेत. पण बाबांचे नका टाकू, प्लीज. मला रात्री जिन्यावरून यायला डर लगता है."

माधवीने खिडकीतून पाहिलं. थोड्या वेळाने तीही एक चादर आणि उशांचे अभ्रे घेऊन बाहेर आली. "वरच्यांनी बनियन दिले म्हणून खालच्यांचं काय कमी नाय," असं ती कोणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली. मग किर्तीने दोन गाऊन आणून टाकले. माधवीने संतोषचे शर्ट आणले. पांढरे.

मशीन पुन्हा कधी नाचलं नाही. घर मात्र हळूहळू वांगी झालं. आधी अभ्रे, मग चादरी, मग संतोषचे ऑफिसचे शर्ट. साहेबाने त्याला विचारलं, हा कुठला नवीन ब्रँड. प्रज्वलच्या कारखान्यात तर लोक रंगाचेच धंदेवाले. एकाने त्याच्या बनियनला हात लावून विचारलं, हा शेड कुठे मिळाला. दोघे भाऊ सकाळी गल्लीतून बाहेर पडत तेव्हा एकाच ताग्यातून कापून काढल्यासारखे दिसत. एकमेकांशी बोलत नसत, पण दिसत.

भिंतीबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही. चांगुलपणा आड आला असं म्हणवत नाही. लाज आड आली असावी. विटा पावसाळ्यापर्यंत तशाच पडून होत्या, मग प्रज्वलने त्यांचा एक सपाट ओटा करून त्यावर मशीन ठेवलं. संतोषने पातळी बघायला मदत केली. वर्षश्राद्धाला हिरामणचे कपडे देऊन टाकायचं ठरलं, पण ते इतके वांगी झाले होते की कोणी घेईना. ते परत ट्रंकेत गेले.

हरेशची दोन मशीनं बरेच दिवस विकली गेली नाहीत. पुढे त्याने दुकान बंद केलं आणि शहाडला मोबाइलची कव्हरं विकायला बसला. भगवंतराव अजून मोठा आवाज झाला की नाकावर हात नेतात. मीनलचे गुडघे गेले, तरी दारापर्यंत येते. कमळाकरने लग्न केलं, पण बहिणीच्या घरी पिशवी घेऊन कधीच आला नाही. हात हलवत येतो. माधवी आणि किर्ती आजही वेगळ्या शिजवतात. कपडे मात्र एकदम पडतात, कोणी ठरवलं नाही तरी.

गोजरबाई तीन वर्षांनी गेली. एक तारीख होती. खालचा महिना संपलेला, वरचा सुरू व्हायचा होता. सकाळी पिशवी घेऊन ती जिना चढू लागली आणि मध्ये दम लागला म्हणून पायरीवर बसली. किर्ती चहा घेऊन खाली आली तेव्हा ती कठड्याला डोकं टेकून बसलेली होती.

माणसं जमली. तिरडी बांधून झाली. भटजी आले. तेव्हा जिन्यापाशी दोन्ही भावांचे आवाज चढले. गल्लीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. आता मेल्यावरही हिला एकमेकांवर ढकलतायत. भगवंतराव मध्यस्थी करायला पुढे गेले, घटकाभर ऐकून परत आले आणि चष्मा पुसू लागले.

"काय झालं?" मीनलने विचारलं. "कोण नको म्हणतोय?"

"नको कोणीच म्हणत नाहीये," भगवंतराव म्हणाले. "संतोष म्हणतोय, वर पोचली नव्हती, म्हणजे माझ्याकडचीच, माझ्या दारातून जाईल. प्रज्वल म्हणतोय, एक तारीख लागली होती, माझ्या दारातून."